आज्ञा इंग्रजीत, समज मराठीत
सीमाभागातील मराठी मुलांच्या प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या धड्याविषयी

दहावीचा निकाल लागला की सीमाभागातील मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला पुढे कुठे घालायचे? पीयूसी विज्ञान, डिप्लोमा, बीसीए की आयटीआय? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला कॉम्प्युटर झेपेल का? हा प्रश्न वरवर एका मुलापुरता आहे, पण त्याच्या उत्तरावर गावातील मराठी शाळेचे भवितव्य अवलंबून आहे. ‘कॉम्प्युटरला इंग्रजी लागते’ या समजुतीपायी अनेक पालक मुलाला पहिलीपासूनच इंग्रजी माध्यमात घालतात आणि मराठी शाळेचा पट त्या प्रमाणात उतरतो. शाळा टिकावी म्हणून आपण सभा घेतो, निवेदने देतो. पण ज्या समजुतीमुळे ती रिकामी होते, ती समजूत कितपत खरी आहे याची तपासणी क्वचितच होते. ती येथे करायची आहे.

बत्तीस शब्दांची भाषा

बहुतेक महाविद्यालयांत प्रोग्रॅमिंगची ओळख सी किंवा पायथॉन या भाषेतून होते. सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास तयार केली. तिच्या पहिल्या प्रमाणित रूपात राखीव शब्द अवघे ३२. पायथॉनच्या आजच्या रूपात ३५. राखीव शब्द म्हणजे ज्यांचा अर्थ भाषेने आधीच ठरवून टाकला आहे असे शब्द : इफ, एल्स, व्हाइल, फॉर, ब्रेक, रिटर्न वगैरे. त्यांच्या जोडीला रोजच्या वापरातील प्रिंट, इनपुट यांसारखी आणखी चाळीस-पन्नास नावे धरली, तरी सारा संग्रह शंभर शब्दांच्या आत बसतो. सातवी-आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात याहून कितीतरी अधिक शब्द असतात.

शिवाय या शब्दांना इंग्रजीचे व्याकरण नाही. काळ नाही, वचन नाही, कर्तरी-कर्मणी नाही. ‘इफ’ पुढे अट लिहायची आणि अट खरी ठरली तर काय करायचे ते खाली लिहायचे, इतकाच त्याचा नियम. संगणकाला इंग्रजी येत नाही. त्याला ती चिन्हे येतात आणि चिन्हांचा क्रम येतो.

या भाषा ज्यांनी घडवल्या ते सगळे इंग्रजी मातृभाषेचे होते असेही नाही. १९९१ मध्ये पायथॉन प्रथम प्रसिद्ध करणारे गिडो व्हान रॉसम हे नेदरलँड्सचे, त्यांची मातृभाषा डच. १९९५ मध्ये रुबी ही भाषा जगापुढे आणणारे युकिहिरो मात्सुमोतो जपानचे. रुबीची सुरुवातीच्या वर्षांतील माहिती व चर्चा मुख्यतः जपानीतच होती आणि इंग्रजी वाचकांना तिची नीट ओळख पुढे काही वर्षांनी झाली. लुआ ही भाषा १९९३ मध्ये ब्राझीलमधील रिओ द जानेरोच्या विद्यापीठात पोर्तुगीज बोलणाऱ्यांनी घडवली. या तिन्ही भाषांतील राखीव शब्द इंग्रजीच आहेत. पण ज्या डोक्यांतून त्या निघाल्या त्यांचा विचार डचमध्ये, जपानीत आणि पोर्तुगीजमध्ये झालेला होता. आज्ञा इंग्रजीत आणि समज आपल्या भाषेत, ही विभागणी जगाने केव्हाच मान्य केली आहे.

मग अडते कुठे?

तरीही मराठी शाळेतून आलेली अनेक मुले पहिल्या सत्रात अडखळतात, हे नाकारता येणार नाही. मात्र ती कोठे अडखळतात ते नेमके पाहिले पाहिजे.

पहिली अडचण शब्दांची नसून कल्पनेची आहे. फळ्यावर ‘एकूण = एकूण + ५’ असे लिहिलेले पाहून बीजगणित शिकलेला मुलगा बुचकळ्यात पडतो. दोन्ही बाजू समान कशा असतील? कारण प्रोग्रॅमिंगमध्ये हे चिन्ह समानतेचे नाही. उजवीकडचा हिशेब करायचा आणि उत्तर डावीकडच्या नावाच्या डब्यात ठेवायचे, अशी ती आज्ञा आहे. एकूण नावाच्या डब्यात आधी १० असतील तर आज्ञा पार पडल्यावर त्यात १५ असतात. ‘डब्यात ठेव’ हे दोन शब्द मराठीत सांगितले की मुलाचा चेहरा उजळतो. हेच भराभर इंग्रजीत सांगितले गेले, तर तो ते वहीत जसेच्या तसे उतरवून घेतो आणि परीक्षेपुरते पाठ करतो. शून्यापासून मोजणे, एकात एक बसवलेली आवर्तने, या कल्पनांचेही तसेच.

दुसरी अडचण प्रश्नपत्रिकेतील इंग्रजीची. ‘ॲट लीस्ट’, ‘ॲट मोस्ट’, ‘नॉट लेस दॅन’, ‘अनलेस’, ‘रिस्पेक्टिव्हली’ हे शब्द संगणकाचे नाहीत, पण प्रश्न त्यांच्यावरच उभा असतो. दूध डेअरीचे उदाहरण घ्या. समजा, फॅट किमान ३.५ असेल तर लिटरला ३५ रुपये, नाहीतर ३२ रुपये असा दर ठरला. ‘किमान’ म्हणजे ३.५ सुद्धा त्यात आले, हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही. इंग्रजी प्रश्नातील ‘ॲट लीस्ट’चा अर्थ त्याने ‘पेक्षा जास्त’ असा घेतला, तर प्रोग्रॅममध्ये एक चिन्ह चुकते आणि बरोबर ३.५ फॅटचे आठ लिटर दूध घालणाऱ्याचे रोज २४ रुपये बुडतात. त्या मुलाला प्रोग्रॅमिंग येत होते. चुकला तो वाक्याच्या अर्थात, पण गुणपत्रिकेवर ‘प्रोग्रॅमिंगमध्ये नापास’ असेच उमटते.

तिसरी अडचण चूक दाखवणाऱ्या संदेशांची. अर्धविराम राहिला, कंस मिटला नाही, नाव चुकीचे लिहिले की पडद्यावर इंग्रजी ओळी येतात. नवखा विद्यार्थी त्या वाचतच नाही, घाबरून सगळा प्रोग्रॅम पुसून पुन्हा लिहू लागतो. वास्तविक हे संदेश ठरावीक आहेत. पायथॉनमध्ये सिंटॅक्स एरर म्हणजे लिहिण्याची रीत चुकली. नेम एरर म्हणजे न सांगितलेले नाव वापरले. टाइप एरर म्हणजे संख्येच्या जागी मजकूर किंवा मजकुराच्या जागी संख्या आली. इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या आरंभीची मोकळी जागा चुकली. नवशिक्याला पुन्हा पुन्हा भेटणारे संदेश दहा-बारा असतील. त्यांचा मराठी अर्थ वहीच्या एका पानावर मावतो.

हा अनुभव फक्त आपल्या भागातला नाही. अमेरिकेतील संशोधक फिलिप ग्वो यांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या, ८६ देशांतील ८४० शिकणाऱ्यांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. शिकवण्याचे साहित्य वाचणे, तांत्रिक विषयावर बोलणे आणि इंग्रजी व प्रोग्रॅमिंग एकाच वेळी शिकावे लागणे, अशा अडचणी त्यांतील अनेकांनी सांगितल्या. त्याआधी २०१७ मध्ये सायमिंदू दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी मुलांसाठीच्या स्क्रॅच या भाषेचा पाच देशांत अभ्यास केला होता. आपल्या भाषेतील शब्द वापरून प्रोग्रॅम करणारी मुले त्याच देशातील इंग्रजी शब्द वापरणाऱ्या मुलांपेक्षा नव्या कल्पना अधिक वेगाने हाताळू लागली, असे त्यांना आढळले.

उद्यमबागचा दाखला

परदेशातील अभ्यास कोणाला दूरचे वाटतील, तर बेळगावच्या उद्यमबागेत जावे. तेथील कारखान्यांत सीएनसी यंत्रे चालतात. या यंत्रांना द्यायचा प्रोग्रॅम म्हणजे जी आणि एम या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आकड्यांची यादी. जी शून्य म्हणजे हत्यार जलद न्यायचे, जी एक म्हणजे सरळ रेषेत कापत न्यायचे, एम तीन म्हणजे स्पिंडल फिरू द्यायचा, एम तीस म्हणजे प्रोग्रॅम संपला. या आज्ञा कोणाच्याच मातृभाषेत नाहीत. पण शेजारी उभा राहून कोणी त्या मराठीत किंवा कन्नडमध्ये उलगडून सांगितल्या, तर नवे पोर काही आठवड्यांत यंत्रावर हात बसवते. दहावी किंवा आयटीआय झालेल्या पोराला हे जमते, मग महाविद्यालयात जाणाऱ्या पोराला का जमू नये? फरक इतकाच, की यंत्रापाशी समजावणारी भाषा त्याची असते.

कायदा कुठे थांबतो

आता थोडे कायद्याकडे वळू. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आणि ३५०-ब घटनेत आली. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे पहिले कलम सांगते. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला. यातील ‘प्राथमिक टप्पा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रोग्रॅमिंगचा खरा अभ्यासक्रम सुरू होतो तो दहावीनंतर, म्हणजे कलमाचे संरक्षण संपल्यानंतर कितीतरी वर्षांनी. त्यामुळे या बाबतीत नुसते हक्काकडे बोट दाखवून काम भागणार नाही.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मच्छे या आपल्याच गावाजवळ आहे. राज्यभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे अभ्यासक्रम जेथे ठरतात, त्या इमारतीभोवतीच्या गावांत मराठी बोलली जाते. पण त्या गावांतील मुलासमोर पहिल्या वर्षाचा प्रोग्रॅमिंगचा पेपर येतो तो इंग्रजीत.

महाराष्ट्रात काही हालचाल झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची मराठी तुकडी सुरू झाली. परिषदेने पहिल्या वर्षाची पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार करून घेतली. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशाच्या नियमांत ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. ज्यांना तिकडे जाणे परवडते त्यांनी तिचा लाभ घ्यावा. पण खोली आणि खानावळीचा खर्च न झेपणारी मुले इथेच राहणार. या लेखाचा रोख त्यांच्याकडे आहे.

गोव्यातही प्रश्नाचे स्वरूप असेच आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी या तालुक्यांत मुले मराठी प्राथमिक शाळेत शिकतात आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी होते. ‘केअर्स’ या नावाने गोवा सरकारने सहावी ते आठवीसाठी कोडिंग व रोबोटिक्सची योजना आणली. म्हणजे माध्यम बदलून जेमतेम वर्ष होते न होते, तोच कोडिंग समोर येते. एकाच वेळी दोन नव्या गोष्टींचे ओझे हीच तेथील मुलाची अडचण.

हा वाद मराठी विरुद्ध कन्नड असा मात्र कोणी करू नये. गोकाक किंवा रायबागच्या कन्नड शाळेतील मुलगाही याच प्रश्नपत्रिकेपुढे याच कारणाने अडखळतो. प्रयोगशाळेत दोघे एकाच बाकावर बसतात. मराठीतून समजावणाऱ्या वर्गाची मागणी करताना कन्नड मुलालाही तशीच सोय मिळावी असे आपण म्हटले, तर मागणीचे बळ वाढेल.

परिभाषेचा अतिरेक नको

मराठीतून शिकवायचे म्हटले की काहीजण लगेच जड शब्द घडवायला बसतात. इंग्रजी शब्दाच्या जागी तितकाच अनोळखी संस्कृत शब्द ठेवला तर मुलाचे ओझे हलके होत नाही, उलट परीक्षेसाठी इंग्रजी शब्द वेगळा पाठ करावा लागतो. प्रोग्रॅम, व्हेरिएबल, लूप, फंक्शन, ॲरे ही नावे तशीच राहू द्यावीत. पडद्यावर, पुस्तकात आणि नोकरीच्या मुलाखतीत तीच भेटणार आहेत. त्यांच्याभोवतीचे वाक्य मात्र मराठी असावे : ‘ही लूप दहा वेळा फिरते’, ‘हे फंक्शन दोन संख्या घेते आणि मोठी परत देते’. नाव परके आणि क्रियापद आपले, ही रीत गॅरेजमध्ये, दवाखान्यात आणि बँकेत आपण रोज वापरतोच.

इंग्रजी नकोच, असा याचा अर्थ नाही. पुढे मोठी माहितीपुस्तके वाचायला, मुलाखत द्यायला इंग्रजी लागेलच आणि मराठी शाळेतही ती चांगली शिकवली गेली पाहिजे. पण इंग्रजीतही सोपी आणि अवघड अशा पायऱ्या असतात. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक देशभर चालले, त्यात त्याच्या सोप्या इंग्रजीचा वाटा मोठा आहे. समज आधी आली की अशा पुस्तकातील इंग्रजी आपोआप सुटते. समज नसेल तर सोपे इंग्रजीही डोक्यावरून जाते.

सुरुवात कशी करावी

ज्या मुलाला येत्या वर्षी हा विषय घ्यायचा आहे, त्याने काय करावे?

एक, पहिले काही दिवस संगणकाशिवाय काढावेत. सोसायटीचे व्याज, बसचे हाफ तिकीट, उसाच्या वजनातून गाडीचे वजन वजा करणे, असा एखादा हिशेब घेऊन त्याच्या पायऱ्या मराठीत क्रमाने लिहाव्यात. कोणती माहिती घ्यायची, कोणती अट तपासायची, काय मोजायचे, काय दाखवायचे. पायऱ्या चोख झाल्या की निम्मे प्रोग्रॅमिंग झाले. मग कागदावर प्रत्येक डब्यासाठी एक रकाना आखून, एकेक ओळ पार पडल्यावर कोणत्या डब्यात किती आहे ते लिहीत जावे. चूक तेथेच सापडते.

दोन, एक वही करावी. पहिल्या रकान्यात राखीव शब्द, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात स्वतः लिहिलेले दोन ओळींचे उदाहरण. मागच्या पानांवर चुकीचे संदेश आणि प्रश्नपत्रिकेतील ‘ॲट लीस्ट’सारखे शब्द लिहावेत. वर्गात कन्नड सोबती असेल तर चौथा रकाना त्याच्याकडून भरून घ्यावा.

तीन, मुंबईच्या आयआयटीने चालवलेल्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाचे पाठ पाहावेत. सी, सी++, जावा, पायथॉन यांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तेथे मराठी निवेदनासह विनामूल्य आहेत, कन्नडमध्येही आहेत. पडद्यावर इंग्रजी आज्ञा आणि कानावर मराठी, अशी त्यांची रचना आहे. पाठ थोडा थांबवायचा, तेच स्वतः करून पाहायचे, मग पुढे जायचे.

चार, प्रोग्रॅममध्ये मराठीला जागा द्यावी. पायथॉनमध्ये विशिष्ट चिन्हापुढे लिहिलेली टीप संगणक वाचत नाही. ती खुशाल मराठीत लिहावी. देवनागरीला १९९१ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये डब्यांना ‘किंमत’, ‘वजन’ अशी देवनागरी नावेही चालतात. ‘१२३’ हा देवनागरी मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर पायथॉन तो बिनचूक बदलतो. मात्र थेट हिशेबात देवनागरी अंक लिहिले तर चूक दाखवतो. ‘शाळा’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ४ येते, कारण श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे तो मोजतो. असे का, याचा शोध घेणारा मुलगा संगणक मजकूर कसा साठवतो ते कायमचे शिकतो. महाविद्यालयीन परीक्षेसाठी नावे रोमन लिपीत लिहिण्याची सवय ठेवावी, शब्द मराठी असले तरी चालतील.

पाच, अलीकडे मोबाइलवर प्रश्न विचारला की मराठीत समजावणारी यंत्रे आली आहेत. त्यांचा उपयोग शिक्षकासारखा करावा, उत्तरपत्रिकेसारखा नको. ‘ही चूक का आली ते सांग’ असे विचारावे. तयार प्रोग्रॅम उतरवून घेतला तर प्रयोगवहीचे पान भरते आणि परीक्षेत हात रिकामे राहतात. शिवाय ही यंत्रे ठामपणे चुकीचेही सांगतात. प्रत्येक ओळ स्वतः चालवून पाहावी.

आपल्या हातात काय आहे

सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. निकालाची वाट पाहत दोन दशके लोटली आणि त्या काळात मुलांच्या कितीतरी तुकड्या दहावी होऊन गेल्या. पुढची तुकडी थांबणार नाही. दहावीची परीक्षा संपल्यापासून महाविद्यालय सुरू होईपर्यंत दोन महिने मिळतात. या काळात मराठी हायस्कूलच्या संगणक खोलीत, गावच्या वाचनालयात किंवा युवक मंडळाच्या जागेत पंधरा दिवसांचा मराठीतून ओळखवर्ग घेणे अवघड नाही. शिकवायला गावातीलच अभियंते आणि बीसीए झालेली मुले-मुली आहेत. पुण्या-बंगळुरात नोकरी करणारे आपले तरुण सुट्टीत घरी येतात, त्यांच्याकडून दोन दिवस मागता येतील. तंत्रशिक्षण परिषदेच्या मराठी पुस्तकांच्या प्रती प्रत्येक वाचनालयात पोहोचवणे हे संघटनांचे काम आहे. चार रकान्यांची ती वही छापून तीस-चाळीस पानांची पुस्तिका करणे शिक्षक मंडळींना जमेल.

हे झाले म्हणजे सारे प्रश्न सुटतील असे नाही. पण दहावीला मराठी शाळेत असलेला गावचा मुलगा पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंगमध्ये पास झाला, की त्याची बातमी घरोघर पोहोचते. मुलाला पहिलीत कोणत्या शाळेत घालायचे हे ठरवताना आईबाप एखाद्या ठरावापेक्षा शेजारच्या मुलाकडे आधी पाहतात.